यादीचा क्रम: वाचकांच्या शंका

शंका: प्रॅक्टिकलसाठी क्रम लावणारा प्रोग्राम लिहिला. ७, ४, ९, २ दिले की ७, ७, ९, ९ असं उत्तर येतं. परवा परीक्षा आहे. माझं लॉजिकच कच्चं आहे का?
– विद्यार्थिनी, मोहगाव

समाधान: मुळीच नाही. तुमची अंतर्वेशन पद्धत (प्रत्येक नवा आकडा डावीकडच्या लावलेल्या भागात योग्य जागी बसवणे) बरोबर आहे. चूक एका ओळीची आहे. ७ मोठा म्हणून तो उजवीकडे सरकवला, तो थेट ४ च्या जागेवर गेला आणि ४ पुसला गेला. २ चेही तसेच झाले. सरकवण्याआधी आकडा वेगळ्या चलात (किंमत साठवण्याच्या जागेत) ठेवा, तुलना त्याच चलाशी करा आणि शेवटी रिकाम्या जागी तो बसवा.

डावे टोक संपले का, हे तुलनेच्या आधी तपासा. पायथॉनमध्ये उणे एक हा क्रमांक गुपचूप शेवटचा घटक देतो. चूक दाखवली जात नाही, म्हणून ती सापडत नाही.

शंका: मित्र म्हणतो ही पद्धत जुनाट, गुण कापतील.

समाधान: ५० नावांना जास्तीत जास्त १,२२५ तुलना लागतात, यादी आधीच लागलेली असेल तर फक्त ४९. हजार नावांना मात्र ४,९९,५०० पर्यंत, तिथे ती नको. प्रश्नात पद्धत नेमून दिलेली नसेल तर निर्धास्त लिहा.

शंका: बचत गटाची यादी संगणकावर नावानुसार लावली. ‘काळे’ हे ‘काशीकर’च्या आधी आले. त्यात फक्त नावांचा रकाना हलला, शिलकी जागच्या जागी राहिल्या! ठपका माझ्यावर येईल का?
– सचिव, सौंसर

समाधान: ‘काळे’चा दोष तुमचा नाही. बऱ्याच प्रोग्रामांत तुलना युनिकोडमधल्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे मानक) क्रमांकांची होते. तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष तर क, हलन्त आणि ष मिळून बनतो, म्हणून क मध्येच जातो. कारभार हिंदीत आणि आडनावे मराठी असलेल्या आपल्या भागात हा घोळ व्हायचाच. मराठी क्रमाची सोय असेल तर ती निवडा.

रकमांची गोष्ट गंभीर आहे. फाइल बंद केली नसेल तर बदल लगेच मागे घ्या, नाहीतर जुनी प्रत शोधा. तीही नसेल तर अंदाजाने जुळवाजुळव करू नका. कागदी वही घेऊन लेखापरीक्षकाकडे जा. तोवर या यादीवरून कोणालाही पैसे देऊ नका.