व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय? आधी कोर्सेसचं गणित

आपल्या मंडळातल्या घरांतही दारूचा प्रश्न आहे. फक्त तो गणपतीच्या जेवणात कोणी काढत नाही. म्हणून टेक्सासमध्ये हे शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची फी यंदाच्या निधीतून भरायचं आम्ही ठरवलंय.

इथे एलसीडीसी परवान्यासाठी किमान असोसिएट पदवी लागते, तीही मानवी वर्तनाशी संबंधित विषयात. शिवाय २७० तासांचं वर्गशिक्षण, म्हणजे १८ क्रेडिट्स, ढोबळमानाने सहा कोर्सेस. त्यातले निम्मे तास थेट व्यसन आणि उपचारांवर हवेत. नुसतं मानसशास्त्र घेऊन भागत नाही. मग ३०० तासांचं प्रॅक्टिकम. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी त्यासाठी एक सेमिस्टर आधीच मोकळं ठेवावं. इंटर्न म्हणून नोंदणी झाली की देखरेखीखाली ४००० तास काम, पूर्णवेळ केलं तरी दोन वर्षं! वर परीक्षा आहेच. पुढे बी.ए. करायचं असेल तर कोणते क्रेडिट्स ट्रान्सफर होतात, हे अ‍ॅडव्हायझरला पहिल्याच सेमिस्टरला विचारा.

पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम मराठीत करतंय. इथे मात्र "रोज दोनच पेग घेतो हो" म्हणणाऱ्या काकांशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस शोधावं लागतं. एका विद्यार्थ्याच्या एका कोर्सची फी तरी आपण उचलावी, ही विनंती. चेक मंडळाच्या नावे. मेमोत 'समुपदेशन' लिहायला विसरू नका.