हृत्स्नायूवरील वण : साध्यासाध्यविचार

हृदयविकाराच्या झटक्यानंतर मृत हृत्पेशींच्या जागी साधारणतः ६ ते ८ आठवड्यांत तंतुमय वण तयार होतो. हा वण आकुंचन पावत नाही, आणि पक्का झाल्यावर कोणत्याही पद्धतीच्या औषधाने तो पुसला जात नाही. ‘वैद्यराज, यांचे आयुष्य किती?’ या आप्तांच्या प्रश्नास वर्षांच्या आकड्यात उत्तर देणे म्हणूनच योग्य नव्हे. साध्यासाध्यविचार मात्र अवश्य करावा.

त्यात तीन गोष्टी पाहाव्यात :

१) वणाची व्याप्ती. ती एमआरआय तपासणीत उत्तम कळते.

२) डाव्या जवनिकेचे बल. इकोच्या अहवालातील इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्क्यांच्या आसपास असल्यास व वण लहान असल्यास रुग्ण पथ्याने व नियमित औषधाने दीर्घकाळ जगू शकतो. ते ३५ टक्के वा त्याहून कमी राहिल्यास धोका बराच वाढतो.

३) हृद्गती. वणाच्या कडेने विद्युत्प्रवाह फेर धरू लागला की आकस्मिक मृत्यू संभवतो. मूर्च्छा आल्यास रुग्णास तत्काळ हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

बहुतेक रुग्ण ‘याप्य’ वर्गात येतात. कोसळू पाहणाऱ्या घरास नीट लावलेला टेकू जसा सावरतो, तशी याप्य रोग्यास चिकित्सा सावरते, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. टेकू काढल्यास काय होते, हे लंडन येथील एका चाचणीने दाखविले. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेथील रुग्णांचा विकार वणाचा नव्हे, हृदय प्रसरण पावण्याचा होता. पण औषधांनी हृदय पूर्ववत झालेल्या ज्या २५ जणांची औषधे क्रमाने थांबविली, त्यांपैकी ११ जणांचा विकार ६ महिन्यांत उलटला. औषधे चालू ठेवलेल्या २६ जणांत त्या काळात एकाचाही उलटला नाही.

यावरून आमची आग्रहाची विनंती अशी की, ‘आता अर्जुन सुरू केला, गोळ्या बंद करा’ असे कोणीही सांगू नये. अर्जुन द्यावयाचा तो चालू औषधांच्या जोडीस, हृद्रोगतज्ज्ञास कळवून. औषधी विक्रेत्यांनीही लक्षात ठेवावे की, यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने शरीरात पाणी साठते व पोटॅशियम घटते; लवणयुक्त चूर्णांनी शोथ वाढतो. अशा रुग्णास ही द्रव्ये विचारल्यावाचून देऊ नयेत.

रुग्णाने रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढल्यास, पाय सुजल्यास वा उताणे निजता श्वास लागल्यास विलंब करू नये. आयुष्याचा आकडा आपल्या हाती नाही. टेकू न हलविणे मात्र निश्चित आहे.