विषाणुजन्य प्रतिश्यायानंतरचा नासागत बुरशीसंसर्ग

निरोगी नासिका निर्जंतुक नसते. मॅलॅसेझिया, कँडिडा आदी बुरशी तेथे अल्प प्रमाणात आढळतात. रायझोपससारख्या बुरशीचे बीजाणू श्वासाबरोबर नित्य आत येतात. श्लेष्म्याचा पातळ थर व सूक्ष्म लोम त्यांना घशाकडे वाहून नेतात. विषाणुजन्य प्रतिश्यायात लोमयुक्त पेशींचाच नाश होतो, आणि बीजाणूंना तेथे थांबण्यास अवधी मिळतो. एरवी एवढ्याने बिघडत नाही. पेशी पुन्हा भरून येतात.

कोविडकाळात मात्र यास अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड यांची जोड मिळाली. रक्तशर्करा वाढली की भक्षक श्वेतपेशी मंदावतात. रक्तात आम्लता वाढल्यास लोह मोकळे होते, आणि लोह हे तर रायझोपसचे आवडते खाद्य. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील, देशातील १६ केंद्रांच्या अभ्यासात म्युकरमायकोसिसच्या २८७ रुग्णांपैकी १८७ जणांना कोविड झालेला होता. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशांना डेक्सामेथासोनचा लाभ होत नाही, हे २०२० मध्येच सिद्ध झाले होते. तरी ते सर्रास दिले गेले. ‘काळी बुरशी’ हे रूढ नाव आम्हांस फसवे वाटते. काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मृत झालेली धातू, बुरशी नव्हे.

प्रतिश्यायात सूक्ष्म श्वेत कृमी उत्पन्न होतात, असे सुश्रुतांनी उत्तरतंत्रात सांगितले आहे. त्यास थेट बुरशी म्हणणे आम्हांस घाईचे वाटते. परंतु उपेक्षित प्रतिश्यायाचे गांभीर्य त्यांनी अचूक ओळखले होते, यात शंका नाही.

हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावी भट्टीजवळ बसणाऱ्या कारागिरास नाक चोंदणे नवे नसते. धुराने झाले असेल, असे म्हणून तो आठ दिवस काढतो व मग आपल्याकडे नस्य मागावयास येतो. नवप्रतिश्यायात नस्य वर्ज्य आहेच. पण त्याआधी त्याची रक्तशर्करा पाहावी, व कोणत्या गोळ्या घेतल्या हे विचारावे. एका बाजूचा गाल दुखणे वा बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, दात हलू लागणे, पापणी पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, टाळूवर काळा डाग, यांपैकी एकही लक्षण मधुमेह्यात दिसल्यास काढा वा नस्य देऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या ठिकाणी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. मृत भाग शस्त्रकर्माने काढणे व अँफोटेरिसिन-बी हेच तेथील मुख्य उपाय. डोळा वाचेल की नाही हे पुष्कळदा त्या एकदोन दिवसांवर ठरते. चिठ्ठीवर शर्करेचा आकडा, स्टेरॉइडचे नाव व दिवस अवश्य लिहावेत.