छातीतली धडधड आणि तो अर्धा मिलिमीटर

छोटी, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मॅचच्या दिवशी मला काहीच वाटू नये, असं काहीतरी सांग." असलं औषध माझ्याकडे नाही, आणि असतं तरी तुला दिलं नसतं. काहीच वाटत नसेल त्या दिवशी तुझा नेमही सुस्तावलेला असेल.

स्वप्निल कुसळेचंच बघ. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या फायनलला उभा होता. हृदय जोरात धडधडत होतं, हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलं. पोटात नुसता काळा चहा. (हे मात्र उचलू नकोस. तू पोहे खाऊन जा.) धडधड थांबवायच्या भानगडीत तो पडला नाही. श्वासाकडे लक्ष दिलं, रोज करतो तेच केलं, स्कोअरबोर्डाकडे पाहिलं नाही. गुडघ्यावरच्या नेमबाजीनंतर तो सहावा होता, झोपून केलेल्या नेमबाजीनंतर पाचवा, आणि शेवटी उभ्यानं, म्हणजे शरीर सगळ्यात जास्त डोलतं त्या अवस्थेत, तिसरा. 451.4 गुण आणि कांस्य. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत त्याचे 590 होते आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरचे 589. स्वप्निल सातवा आला, ऐश्वर्य अकरावा, आणि फायनल पहिल्या आठांचीच. एवढ्याशा फरकाच्या खेळात तू उतरली आहेस, तर छाती धडधडणारच गं!

धडधडीनं नक्की काय होतं, ते तुझ्यासारख्या देपालपूरच्या मुलीला समजावणं सोपं आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्यात तुर्रा आणि कलंगी हे दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली फळं, एकमेकांवर सुटायला लागतात. मैदानातल्या पोराला समोरून येणारा हिंगोट लख्ख दिसतो, बाजूनं आलेला दिसतच नाही. चेव चढला की नजर अरुंद होते. ईस्टरब्रुक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये हेच मांडलं. मन अगदी सैल असलं की नको ते सगळं आत शिरतं: मागची कुजबुज, शेजारच्या लेनमधल्या मुलीचा महागडा जॅकेट-सूट. थोडी उत्तेजना आली की हा कचरा आपोआप गळतो. ती आणखी वाढली की मात्र कामाचंही गळायला लागतं. पाय कुठे ठेवलेत, गाल स्टॉकवर टेकलाय का, वेळ किती उरलाय, कशाचंच भान राहत नाही.

आता ही उत्तेजना किती हवी, हे खेळावर ठरतं. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना हलके विजेचे धक्के देऊन पाहिलं. काम जितकं अवघड आणि बारीक, तितका धक्का सौम्य असलेला बरा, असं त्यांना आढळलं. मातीतला पैलवान शड्डू ठोकून अंगात वारं भरतो, त्याला ते शोभतं. आपल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधल्या विजय कुमारनं 2012 ला लंडनमध्ये रौप्य जिंकलं ते रॅपिड फायर पिस्तुलात. तिथे फायनलला चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या सोडायच्या असतात, पेंगून कसं चालेल? तुझ्या दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तुझी आच मंदच हवी, पण विझलेली नको.

आणि लक्ष कुठे ठेवायचं? सराव करताना कोपर, खांदा, बोट यांचा हवा तेवढा कीस पाड. मॅचमध्ये त्यांचं नाव काढायचं नाही. हाताच्या हालचालीवर मन खिळवलं की सवयीची हालचाल अडखळते, हे गाब्रिएले वुल्फ यांच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा रायफल उचलताना एकदा पोटातला श्वास जाणव आणि तिथून बाहेर पड. फोरसाईटच्या रिंगमध्ये काळा गोल, भोवती सारखी पांढरी कड. बस्स, तेवढंच. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर मुकाट्यानं रायफल उतरव. उतरवायला कुणाला लाज वाटते कोण जाणे! साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं असतात, घाई कसली? उतरवलीस की नजर मोकळी सोड, छत बघ, भिंत बघ, उच्छ्वास लांबव. सतत रोखून धरलेलं लक्ष थकतं आणि नेमकं शेवटच्या दहा शॉटना दगा देतं. मॉनिटरवरची बेरीज तर करूच नकोस. ती करायला तिथे मशीन ठेवलंय.

घरी एक कर. जिने धावत चढून ये आणि धापा टाकतच, रिकाम्या रायफलनं, ड्राय फायरिंग कर. धाकट्या भावंडांना मागे गोंधळ घालू दे, त्यांना तेवढंच काम. धडधडत्या छातीनं नेम धरायची सवय शांत खोलीत लागत नाही. तुझे सर वेगळं काही सांगत असतील तर त्यांचं ऐक, ते तुला रोज बघतात.

मॅच झाली की फोन कर. गुण मागाहून सांग. आधी मला सांग, रायफल किती वेळा खाली उतरवलीस.