वांग्याचे भाजलेले कुरकुरीत काप : शेतापासून ताटापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके होत. तथापि विहिरीच्या कडेला, परसात किंवा ओलिताच्या दोन-चार ओळींत वांग्याची झाडे लावलेली नाहीत, असे गाव विरळाच. रोडगे आणि वांग्याची भाजी यांवाचून या भागातील शेतावरचे जेवण पुरे होत नाही. असे असूनही हिवाळ्यात वांग्याचा बहर एकदम आला म्हणजे बाजारात भाव पडतो. तोडणीची मजुरी व आठवडी बाजारापर्यंतचे भाडेही कित्येकदा सुटत नाही. घरी रोज तीच रस्सेदार भाजी झाल्याने मुले ती खाण्यास कंटाळतात आणि चांगली फळे गुरांपुढे टाकली जातात.

या फळांचा घरीच रुचकर उपयोग करण्याची एक रीत या पाठात दिली आहे. वांग्याच्या चकत्यांना पिठाचा व चुऱ्याचा थर देऊन त्या तळण्याऐवजी कोरड्या आचेवर भाजावयाच्या, हे तिचे सार होय. कोकणात व गोव्यात तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर परतलेले वांग्याचे काप सर्वपरिचित आहेत. इटलीतही वांग्याच्या चकत्या तळून त्यांवर टोमॅटो व चीज यांचे थर देतात. परंतु तळणीला तेल पुष्कळ लागते. भाजण्याच्या रीतीत अर्धा किलो वांग्यांना दोन मोठे चमचे तेल पुरे होते.

वांगे तेल का पिते?

कृती हाती घेण्यापूर्वी फळाची घडण समजून घ्यावी. वांग्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. त्याचा गर स्पंजासारखा असून त्यात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. चकती गरम तेलात पडताच या पोकळ्यांत तेल शिरते. म्हणूनच तळलेले वांगे तेलकट लागते. उलटपक्षी चकती तशीच भट्टीत ठेविली तर आतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेरच्या थरात मुरते व काप लिबलिबीत होतात.

या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवावे. मिठामुळे पेशींतील पाणी बाहेर येते, पेशी मऊ पडतात आणि हवेच्या पोकळ्या दबल्या जातात. त्यायोगे तेल कमी शोषले जाते व वरचा थर कोरडा राहतो. कापल्यावर वांगे काळे पडते त्याचे कारण निराळे आहे. गरातील द्रव्याचा हवेशी संयोग होऊन रंग बदलतो. असा रंग आला म्हणजे फळ नासले असे समजू नये.

फळाची निवड

कापांसाठी मोठे, भरीव व कोवळे फळ घ्यावे. साल तुकतुकीत असावी, देठ हिरवा असावा आणि बोटाने दाबल्यास खळगा लगेच भरून यावा. साल निस्तेज व पिवळसर झालेली असेल तर बी पक्व झाले आहे असे जाणावे. असे फळ कडवट लागते. भरताची मोठी वांगी या कामास उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा मांजरी गोटा किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा अरुणा यांसारख्या वाणांची फळेही चालतात. फळे लहान असल्यास चकत्या उभ्या कापाव्यात.

फवारणीचा प्रश्न

वांगे निवडताना एक गोष्ट चवीपेक्षाही महत्त्वाची आहे. वांग्यावर शेंडा व फळे पोखरणारी अळी हमखास येते. अळीने शेंडा पोखरला की तो मान टाकतो. पुढे ती फळात शिरते. एकदा ती आत गेली की बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तरीही शेतकरी घाबरून फवारणीमागून फवारणी करतो. वांग्याची तोडणी मात्र थोड्या थोड्या दिवसांनी चालूच असते. परिणामी आज फवारलेले फळ उद्या घरच्याच ताटात येते.

कपाशीसाठी आणलेले उरलेले औषध कडेच्या वांग्यांवर मारण्याची सवय तर फारच घातक होय. सन 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि वीसपेक्षा अधिक जणांना प्राणास मुकावे लागले. त्या दुर्घटनेचा धडा भाजीच्या वाफ्यालाही लागू आहे. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा भाजीपाल्यावर वापर करण्यास सन 2005 पासून मनाई आहे. ते वांग्यावर मारणे कायद्यानेही गैर आणि आरोग्यालाही अपायकारक आहे.

घरच्या वांग्यांसाठी पुढील उपाय करावेत.

1. मान टाकलेले शेंडे आठवड्यातून एकदा अळीसह खुडून नष्ट करावेत. ते बांधावर टाकून देऊ नयेत.
2. भोक पडलेली फळे झाडावर ठेवू नयेत. तोडून खोल पुरावीत.
3. या किडीच्या नर पतंगांसाठी मिळणारे कामगंध सापळे लावावेत व त्यांतील गोळी सूचनेप्रमाणे बदलावी.
4. पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्यांचा गर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण 10 लिटर द्रावण करावे.
5. वांग्यानंतर त्याच जागी पुन्हा वांगे, टोमॅटो किंवा मिरची लावू नये. ही सर्व एकाच कुळातील पिके आहेत.

रासायनिक औषध वापरणे भागच पडल्यास ते वांग्यासाठी शिफारस केलेलेच असावे. फवारणी व तोडणी यांमध्ये किती दिवस गेले पाहिजेत, हे वेष्टनावर दिलेले असते. तेवढे दिवस फळ तोडू नये. वाहत्या पाण्यात फळे चोळून धुतल्याने धूळ व सालीवरील औषधाचा काही अंश निघून जातो. फळात मुरलेले औषध मात्र धुण्याने निघत नाही. म्हणून ताटातील वांगे निर्धोक करण्याचे काम शेतातच झाले पाहिजे.

साहित्य

चार ते पाच माणसांसाठी पुढील प्रमाण घ्यावे : मोठी वांगी अर्धा किलो, मीठ दोन लहान चमचे, कणीक किंवा तांदळाचे पीठ चार मोठे चमचे, बेसन 60 ग्रॅम, चुरा 125 ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, तिखट एक लहान चमचा, हळद, ओवा व जिरेपूड चवीपुरती.

चुरा विकत आणण्याची गरज नाही. शिळ्या पावाचे तुकडे उन्हात कडक वाळवून कुटावेत. ज्वारीची उरलेली भाकरी तव्यावर मंद आचेवर कडक करून पाट्यावर भरडली तर तिचा चुरा अधिक खमंग होतो. गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे उरल्यास तेही वरची राख झाडून, फोडून, वाळवून कुटता येतात. चुरा रव्याइतका जाड असावा. फार बारीक चुऱ्याने थर दडस होतो. वाळलेला चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. त्यास बुरशी आल्यास तेवढाच भाग काढून न टाकता सर्व चुरा फेकून द्यावा.

कृती

1. वांगी धुऊन, पुसून, साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. सर्व चकत्यांची जाडी सारखी असावी. अर्ध्या किलोत सुमारे 18 ते 20 चकत्या होतात.

2. दोन्ही बाजूंस मीठ चोळून चकत्या चाळणीत अर्धा तास ठेवाव्यात. नंतर त्या पाण्यातून झटपट काढून जादा मीठ धुवावे आणि स्वच्छ फडक्यात दोन्ही तळहातांनी दाबून कोरड्या कराव्यात. या पायरीत घाई करू नये.

3. चुऱ्याला तेल, तिखट व जिरेपूड चोळून घ्यावी. कणाकणाला तेल लागले म्हणजे आच सारखी पोहोचते व रंग तांबूस येतो.

4. बेसनात हळद, ओवा व सुमारे अर्धी वाटी पाणी घालून भज्याच्या पिठापेक्षा किंचित पातळ पीठ कालवावे. चकत्यांना अगोदरच मीठ लागलेले असल्याने यात मीठ बेताचेच घालावे. ज्या घरी अंडी चालतात तेथे बेसनाऐवजी दोन अंडी फेटून घेता येतील.

5. प्रत्येक चकती प्रथम कोरड्या पिठात, मग बेसनात व शेवटी चुऱ्यात घोळवावी. कोरडे पीठ राहिलेली ओल टिपते, बेसन चिकटविण्याचे काम करते आणि चुरा कुरकुरीतपणा आणतो. हा क्रम मोडल्यास थर गळून पडतो. चुरा तळहाताने हलकेच दाबून बसवावा आणि चकत्या दहा मिनिटे तशाच ठेवाव्यात.

6. विजेची भट्टी 200 ते 220 अंश सेल्सिअसपर्यंत अगोदर तापवून घ्यावी. चकत्या तारेच्या जाळीवर एकमेकींस न लागतील अशा मांडाव्यात. 15 मिनिटांनी उलटाव्यात व आणखी 10 ते 15 मिनिटे भाजाव्यात. दोन्ही बाजू तांबूस झाल्या व मध्ये सुरी सहज शिरली म्हणजे काप तयार झाले.

विजेची भट्टी नसल्यास

भट्टी नाही म्हणून ही कृती अडून राहू नये. जाड बुडाच्या गंजात दोन बोटे जाडीचा कोरड्या वाळूचा किंवा मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी, झाकण घालून गंज 15 मिनिटे तापवावा आणि मग जाळीदार ताटलीत मांडलेल्या चकत्या आत ठेवाव्यात. यास 35 ते 40 मिनिटे लागतात. प्रेशर कुकर वापरावयाचा असल्यास त्याचे रबरी कडे व शिट्टी अगोदर काढून टाकावी. झाकण मधून मधून किंचित सरकवून वाफ जाऊ द्यावी.

दुसरी रीत नानकटाईची आहे. पत्र्याच्या झाकणाचा डबा मंद निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरावेत. वर-खाली विस्तव मिळाल्याने काप दोन्ही अंगांनी भाजले जातात. गावात पावभट्टी असल्यास दिवसाचे काम संपल्यावर उतरत्या आचेचा उपयोग करून घेता येईल.

आच मोजण्यासाठी तापलेल्या ताटलीत चिमूटभर कणीक टाकावी. ती एक-दोन मिनिटांत तांबूस झाली तर आच बरोबर आहे. पांढरीच राहिली तर आच वाढवावी आणि काळी पडली तर विस्तव कमी करावा.

चुका व त्यांची कारणे

काप मऊ पडले तर चकत्या नीट दाबल्या नाहीत, दाटीने मांडल्या किंवा भट्टी अगोदर तापविली नाही असे समजावे. बाहेरून करपून आत कच्चे राहिल्यास आच अधिक झाली किंवा चकती जाड कापली गेली. थर सुटला तर कोरड्या पिठाची पायरी गाळली गेली असावी. काप फार खारट झाल्यास मीठ धुतले गेले नाही. रक्तदाबाच्या रोग्यासाठी करताना मीठ विशेष काळजीने धुवावे व बेसनात मीठ मुळीच घालू नये.

तयार काप एकावर एक रचू नयेत, झाकूनही ठेवू नयेत. वाफेने ते लगेच मऊ होतात. ते जाळीवरून काढून गरम असतानाच खावेत. सोबत सांबाराची (कोथिंबिरीची) किंवा जवसाची चटणी चांगली लागते. वांग्यात प्रथिने थोडी असतात. बेसनाच्या थराने त्यांत थोडी भर पडत असली तरी जेवणातील वरणाची जागा हे काप घेऊ शकत नाहीत, हे गृहिणींनी लक्षात ठेवावे.

गावात प्रात्यक्षिक कसे करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या बैठकीत हे प्रात्यक्षिक करावे. सारख्या वजनाचे चकत्यांचे दोन वाटे घ्यावेत. एका वाट्याला मीठ लावून दाबावे, दुसरा तसाच ठेवावा. मीठ लावलेल्या वाट्यातून निघालेले पाणी पेल्यात जमवून सर्वांना दाखवावे व दोन्ही वाटे पुन्हा तोलावेत. नंतर दोन्ही एकाच भट्टीत भाजून उपस्थितांना चाखावयास द्यावेत. मिठाचे कार्य तोंडी सांगण्यापेक्षा या एका तुलनेने अधिक पटते. साहित्याचा त्या दिवशीचा स्थानिक भाव फळ्यावर मांडून एका कापाचा खर्च भगिनींकडूनच काढवून घ्यावा.

त्याच बैठकीत जवळच्या वाफ्यातील मान टाकलेला एक शेंडा आणून तो उभा चिरावा व आतील अळी दाखवावी. फवारा तिच्यापर्यंत का पोहोचत नाही, हे मग निराळे सांगावे लागत नाही. पंपाने फवारणारा बहुधा पुरुष असतो आणि भाजी निवडणारी स्त्री असते. म्हणून या बैठकीस दोघांनाही बोलवावे. वांग्यावर शेवटची फवारणी कोणत्या तारखेस झाली, हे स्वयंपाकघरातील भिंतीवर लिहून ठेवण्याची प्रथा पाडल्यास पुष्कळ धोका टळेल.

एखाद्या गटास हे काप आठवडी बाजारात किंवा यात्रेत विकावयाचे असतील तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये अगोदर नोंदणी करून घ्यावी. काप गिऱ्हाइकासमोर भाजून ताजेच विकावेत; उरलेले दुसऱ्या दिवशी विक्रीस ठेवू नयेत. चुरा मात्र आठवड्यापूर्वीच तयार करून ठेवता येतो, त्यामुळे बाजाराच्या दिवशी काम हलके होते.

भाव पडलेल्या दिवसांत या रीतीने सगळे पीक खपेल असे नाही. परंतु घरच्या वाट्याची वांगी वाया जाणार नाहीत, तेलाची बचत होईल आणि मुले ताटातील भाजी आवडीने संपवतील. आपल्याच मुलांनी खावयाचे फळ म्हणून शेतकरी वांग्याच्या झाडाकडे पाहू लागला, तर फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी तो एकवार शेंडे खुडून पाहील. या पाठाचा तोच मुख्य हेतू आहे.