गळाची काठी होडीवर कशी बसवावी?

मालवणच्या किनाऱ्यावर गरवणे काही नवे नाही. आपले वाडवडील हातात दोर धरून गरवत आले. मासा लागला की बोटाला कळे. काठी नाही, काही नाही.

आता शहरातून हौशी लोक गरवायला येतात. त्यांच्याजवळ लांब काठ्या असतात. काठीला रीळ असते. होडी हळू चालवायची, मागून गळ ओढत न्यायचा आणि सुरमईची वाट बघायची. अशा चार काठ्या दिवसभर हातात कोण धरील? म्हणून त्या नळीत उभ्या करतात. ही नळी होडीवर कशी बसवावी ते आज पाहू.

आमच्या पुतण्याने कर्ज काढून फायबरची होडी घेतली. पाच दिवस तो जाळे टाकतो. शनिवारी-रविवारी हौशी मंडळींना नेतो. एके दिवशी त्याने चार नळ्या आणल्या, ड्रिल मशीन घेतले आणि होडीच्या काठाला भोक पाडायला बसला. आम्ही पोचेपर्यंत एक भोक पडले होते.

आम्ही म्हटले, "अरे, जरा थांब."

तो म्हणाला, "काका, नळी ती केवढी! तिच्यासाठी एवढा विचार कशाला?"

नळी लहान असते हे खरे. पण तिच्यावर येणारा जोर लहान नसतो. पहारीने दगड कसा हलतो ते तुम्ही पाहिले आहे. लांब टोकाला थोडा जोर लावला की आखूड टोकाला पुष्कळ जोर होतो. काठीचेही तसेच आहे. समजा, काठी ६ फूट आहे. १ फूट नळीत आणि ५ फूट बाहेर. माशाने शेंड्याला ५ किलोचा आडवा हिसका दिला. तर नळीच्या बुडाशी २५ किलोचा जोर येतो आणि तोंडाशी ३० किलोचा. काठी वाकते, म्हणून प्रत्यक्षात जोर काही कमी येतो. पण होडी पुढे आणि मासा मागे अशी ओढ असली म्हणजे ५ किलो काहीच नव्हे.

आम्हांला हे ठेच लागून कळले. एका मित्राच्या होडीवर आम्ही दोघांनी मिळून नळी बसवली होती. चार आखूड स्क्रू मारले आणि झाले काम, असे वाटले. पहिलाच मोठा मासा लागला आणि स्क्रू खिळ्यासारखे उपटून आले. नळीसकट काठी समुद्रात गेली. काठी पाहुण्याची होती. तिचे पैसे मित्राला भरावे लागले. त्या नळीपाशी कुणी बसले नव्हते, एवढेच आमचे नशीब.

नळी बसवण्याच्या रीती तीन-चार आहेत. होडीला लोखंडी नळ्यांचा कठडा असेल तर त्याला आवळून बसवायची नळी मिळते. तिला भोक लागत नाही. पण कठडाच डुगडुगत असेल तर तिचा काय उपयोग?

दुसरी रीत म्हणजे होडीच्या काठात सुमारे दोन इंचांचे भोक पाडून नळी आत उतरवणे. ती दिसायला नीट दिसते. वर काही येत नाही, म्हणून जाळे अडकत नाही. पण भोक सर्वांत मोठे हिचेच. आणि इथेच खरा धोका आहे. पुष्कळ फायबरच्या होड्यांत दोन थरांच्या मध्ये प्लायवूड असते. भोकाची कड उघडी राहिली तर पाणी त्या लाकडात शिरते. वरून होडी चकचकीत दिसते आणि आत लाकूड कुजत असते. कर्ज फिटायच्या आत काठ मऊ पडतो. म्हणून भोकाची कड आधी कोरडी करून रेझिनने बंद करावी. मग नळीखाली समुद्रकामाचे सीलंट भरावे. खालच्या बाजूने रुंद फळीचा तुकडा रेझिन पाजून लावावा. स्क्रू नकोत. आरपार बोल्ट घालून, मोठा वायसर देऊन आवळावे. बोल्ट ३१६ नंबरच्या स्टेनलेसचे घ्यावे. साध्या लोखंडाला खारे पाणी खाऊन टाकते.

पुतण्या म्हणाला, "काका, पाच दिवस जाळे आणि दोन दिवस काठ्या. मग दोन दिवसांसाठी काठाला चार भोके का पाडू?"

हाच प्रश्न त्याने आधी विचारायला हवा होता!

शेवटी त्याने वेगळीच रीत काढली. होडीत बसायची आडवी लाकडी फळी होती. तिच्यावर दुसरी जाड फळी ठेवून चार बोल्टांनी आवळली. चारही नळ्या त्या वरच्या फळीवर बसवल्या. होडीच्या अंगाला एकही नवे भोक नाही. सोमवारी बोल्ट सोडतो, फळी घरी नेतो. जाळ्याला जागा मोकळी.

बोल्ट मारण्याआधी आम्ही त्याला नळ्या दोरीने बांधायला लावल्या. वाळूवरच तालीम केली. एक माणूस काठीचा दोर ओढी, दुसरा होडीत बसून काठी उपसून घेई. ओढ असताना काठी नळीत घट्ट बसते. ती उपसायला माणसाला काठाबाहेर वाकावे लागले, तर जागा चुकली असे समजावे. दोन नळ्या दोन वेळा सरकवल्या. कडेच्या दोन बाहेर कलत्या ठेवल्या, मधल्या दोन मागे कलत्या. म्हणजे दोर एकमेकांत गुंतत नाहीत. प्रत्येक काठीला एक आखूड दोरी बांधून ती होडीला अडकवली. रिळाची पकडही फार आवळू दिली नाही. जोराची ओढ आली तर दोर थोडा सुटला पाहिजे.

राहिले ते पहिले भोक. ते उन्हात चांगले वाळू दिले आणि रेझिनने बुजवले. आता होडी किनाऱ्यावर ओढली की पुतण्या तिथे नाण्याने ठोकून बघतो. आवाज खणखणीत आला की बरे. बद्द आला तर आत लाकूड भिजले असे समजावे. अजून तरी खणखणीत येतो.