किती ससे घ्यायचे, ते मे महिना ठरवतो

पोरी, ससे वाचवायची संस्था काढायची म्हणतेस, तर नाव, बोधचिन्ह, इन्स्टाग्रामचं पान हे सगळं मागाहून बघ. आधी तुझ्या घरातली कोणती खोली मे महिन्यात दुपारी तीन वाजता किती तापते, ते थर्मामीटर टांगून मोज. आपल्या नागपुरात पारा 45 च्या वर जातो आणि नवतपात तर भिंती रात्रीही निवत नाहीत. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तापमान तिशीला टेकलं की त्याचा जीव कासावीस व्हायला लागतो. म्हणून मे महिन्यात जितके ससे थंड ठेवता येतील, तितकीच तुझी संस्था मोठी. डिसेंबरात जागा दिसते म्हणून घेतलेला प्रत्येक ससा मेमध्ये त्याच एका कूलरपुढे येऊन बसतो.

तो आकडा कागदावर लिही आणि दाराला आतून चिकटव. आठ तर आठ. नववा घेऊन कोणी आलं तर त्यांनाच म्हण, महिनाभर तुमच्याकडे ठेवा, चारा मी देते, दवाखान्यात मी नेते, नवं घर मी शोधते. बरीच माणसं एवढ्या आधारावर तयार होतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1988 साली हाऊस रॅबिट सोसायटी निघाली, तिचंही काम माणसांच्या राहत्या घरांत ससे ठेवूनच वाढलं. मोठ्या शेडची स्वप्नं बघू नकोस. पत्र्याची शेड तर नागपुरात मुळीच नको.

उन्हाळ्याचं अजून थोडं सांगते. कूलरचा झोत थेट अंगावर नको, खोली गार झाली की पुरे. खाली शहाबादी फरशी असू दे. मोठा माठ आडवा करून त्यावर ओलं गोणपाट टाकलंस, तर दुपारभर ससे आपणहून आत जाऊन बसतात. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेव. ससा तोंड उघडून श्वास घेतोय, मान लांबवलीय, कान लाल आणि तापलेत असं दिसलं, तर कानांना साध्या पाण्याचा हात फिरव आणि दवाखाना गाठ. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, त्या धक्क्यानं तो जाईल. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर निकामी होतो, हे ध्यानात असू दे. तेव्हा खिडक्या, पंखा, आणि जमलं तर एका खोलीत एसी. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आधी, पिंजरे नंतर.

आता दुसरी गोष्ट. जोडी आणून देणारा सांगेल, “दोन्ही माद्याच आहेत, दुकानवाल्यानं बघून दिल्यात.” त्यावर विसंबू नकोस. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांमध्ये नर-मादी ओळखताना जाणकारही फसतात. सशिणीचे दिवस 31, आणि व्याल्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा आल्या दिवसापासून वेगळे ठेव, आणि नवीन आलेल्याला पंधरा दिवस जुन्यांपासूनही वेगळं. कानातली खरूज आणि सर्दी अशीच घरभर होते. नराची नसबंदी केली तरी पुढे महिना-दीड महिना तो मादीपासून दूरच हवा, तेवढे दिवस त्याच्यात बीज उरतं. मादीची शस्त्रक्रिया महाग पडते, अवघड असते, तरी पैसा आधी तिथे घाल. न केलेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. नसबंदीशिवाय एकही ससा दत्तक द्यायचा नाही. वयानं लहान असला तर करारात तारीख टाकायची आणि त्या तारखेला स्वतः फोन करायचा.

डॉक्टर शोधताना “सशांचं बघता का” एवढं विचारून थांबू नकोस. “शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं का” असं विचार. ठेवा म्हणाले तर दुसरा दवाखाना बघ. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे उपाशी ठेवायची गरजच नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं. सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे ओळख वाढव, शिकणाऱ्या मुलांना बोलाव. त्यांनाही ससे हाताळायला मिळतात. दोन औषधांची नावं मात्र भिंतीवर लिहून ठेव. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन नाही, त्यानं पोटातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग ससा. आणि कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल नाही, एक थेंबही नाही.

रोजच्या कामात सगळ्यात मोलाचं काय, तर सकाळचा ट्रे. झाडू मारायच्या आधी तो उचलून उजेडात बघायचा. लेंड्या हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या, दाबल्या तर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या असल्या, की ससा ठीक. बारीक झाल्या, वाकड्यातिकड्या आल्या, केसाच्या धाग्यात माळ ओवल्यासारख्या लोंबल्या, तर आतडं मंदावतंय. ट्रे रिकामा आणि ससा कोपऱ्यात दात करकर वाजवत बसलेला, म्हणजे त्याला दुखतंय. बारा तास काही खाल्लं नसेल तर उद्यावर टाकू नकोस, त्याच रात्री डॉक्टर. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या लेंड्या वेगळ्या. त्या तो स्वतःच खातो, ते त्याचं अन्न आहे. नव्या पोरी ते बघून घाबरतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेव.

खाण्यात गवतच मुख्य. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. ओली हरळी चांगली, वाळलेला मारवेल उत्तम. कुसळी गवत घेऊ नकोस, त्याची कुसळं हिरड्यांत आणि डोळ्यांत घुसतात. वर्षभराचं गवत दिवाळीच्या आसपास भरून घे, पावसाळ्यात ओलं-कुबट गवत घातलंस तर पोट फुगतं. लसूणघास पिल्लांना चालतो, मोठ्यांना चिमूटभर. कॉटन मार्केटात सकाळी उशिरा गेलीस तर कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला फुकट मिळतो, पण तीन पाण्यांत धुऊनच घाल, फवारणी असते. गाजर गोड, ते कौतुकापुरतं. पोळी, बिस्कीट, भिजवलेले चणे घालणारी माणसं रोज भेटतील. त्यांना रागावू नकोस, दुसऱ्या दिवशी गवताची पेंडी हातात दे.

काटोल, हिंगण्याकडून शेतकरी कधी तपकिरी पिल्लू आणून देईल, सोंगणीत सापडलं म्हणून. ते आपलं नव्हे. आपले पाळीव ससे आंधळे आणि बिनकेसांचे जन्मतात. रानसशाचं पिल्लू पहिल्याच दिवशी केसाळ आणि डोळे उघडलेलं असतं. त्याची आई त्याला मुद्दाम एकटं ठेवून दूर जाते आणि अंधार पडला की दूध पाजायला येते. धडधाकट असेल तर होतं तिथेच, बांधाच्या आडोशाला परत ठेवायला सांग. जखमी असेल तर वन विभागाचा 1926 क्रमांक, किंवा सेमिनरी हिल्सचं त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानससा घरात ठेवता येत नाही, अगदी दयेनंसुद्धा.

कागदपत्रांचं थोडक्यात. 1860 च्या कायद्याखाली सोसायटीला सात माणसं लागतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे 1950 च्या कायद्याखाली न्यास म्हणून नोंद. विश्वस्त बदलला की बदल अर्ज वेळेत टाकायचा, हिशेब दरवर्षी तपासून घ्यायचा. देणगीची पावती दहा रुपयांचीही फाडायची. घरखर्चाचं आणि सशांचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं.

दत्तक देताना घर बघायला जा. “गच्चीवर ठेवू” म्हणाले तर उठून ये. ससा मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून हवा असेल, तर मोठ्यांपैकी कोण रोज ट्रे साफ करणार ते नाव विचार, आणि त्याच माणसाची सही घे. कान धरून उचलायचं नाही, मागच्या पायांखाली हात हवा, हे तिथेच करून दाखव. दचकून पाय झाडले तर सशाचा कणा मोडतो. बदली झाली, बाळ झालं, काहीही झालं, तरी ससा परत तुझ्याकडेच येईल, बागेत सोडला जाणार नाही, ही अट करारात सगळ्यात वर लिही. फुटाळ्याला, अंबाझरीला सोडलेला पांढरा ससा कुत्र्यांना लांबूनच दिसतो.

आणि सोसायटीच्या त्या सात जणांतले दोघं तरी सिरिंजनं भरवायला शिकलेले हवेत, कागदावर सही करणारे नुसते नकोत. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची. ती दोघं एकाच वेळी गावाला जाणार नाहीत, याची बोलणी होळीलाच करून घे.